पासवर्डची वतनदारी

अंबड आणि घनसावंगी हे जालना जिल्ह्यातले दोन तालुके. २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी, पूर आणि गारपिटीने झोडपलेल्या शेतकऱ्यांसाठी आलेल्या अनुदानातले सुमारे २५ कोटी रुपये इथे भलत्याच खात्यांत गेले, असे जिल्हा प्रशासनाच्या चौकशीतून २०२५ मध्ये पुढे आले. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही ते शेतकरी झाले. ज्यांना जमीन होती त्यांची जमीन कागदावर वाढली. काही नावे दोनदोनदा आली. सरकारी जमिनीवरही पीक उभे राहिले आणि वाहून गेले. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड खालच्यांच्या हाती खेळत होते, असा आरोप आहे. तलाठी निलंबित झाले, अंबड पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला त्या आरोपींबद्दल फारसे बोलायचे नाही. मला उरलेल्या आपल्या सगळ्यांबद्दल बोलायचे आहे.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. या प्रकरणात संगणकाने कुठेही चूक केलेली नाही. पाऊस महसूल मंडळात मोजला जातो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून बांधावर जायचे, पीक पाहायचे, पंचनामा करायचा आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर नाव यादीत घालायचे. (सरकारने अलीकडे या तिघांचीही पदनामे बदलली. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. बांध आहेत तिथेच आहेत आणि तिथवर जाणारी पावले होती तेवढीच.) यादी संगणकावर चढते, तहसीलच्या लॉगिनमधून मंजूर होते, प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला गावात सगळे ‘व्हीके नंबर’ म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रावर जायचे, अंगठा लावून केवायसी करायची, की पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा.

थेट, हा या सगळ्याचा अभिमानाचा शब्द. पूर्वी अनुदान हातोहात वाटले जाई आणि वाटेत ते हातांना चिकटे. म्हणून मधले हात काढायचे ठरले. हात काढले, पण यादी करणारा हात राहिला. यंत्रणेने आधार तपासला, बँक खाते तपासले, अंगठा तपासला. तिन्ही खरे. पीक गेले की नाही हे पाहायचे काम तेवढे माणसावर सोडले होते आणि तिथेच घर फिरले. इतक्या काटेकोरपणे इतके खोटे काम करणारी व्यवस्था आपल्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती.

आता त्या खात्यांकडे वळू. प्रत्येक खोट्या नावामागे एक खरे खाते आहे आणि प्रत्येक खऱ्या खात्याला एक मालक आहे. तो गावातच राहतो. पारावर बसतो, सप्ताहात टाळ वाजवतो, गणपतीची वर्गणी देतो. आपल्या खात्यात पैसे कशाचे आले हे त्याला कळत नाही असे म्हणायचे असेल, तर त्याच्या भोळेपणाला नमस्कार. अशा व्यवहारात वाटणी ठरलेली असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्याच शिवारात ज्याचे सोयाबीन पाण्यात उभे राहून काळे पडले तो यादीत नाव आले का म्हणून तलाठी कार्यालय ते तहसील हेलपाटे घालत असतो आणि हा मोटारसायकलचा हप्ता भरून मोकळा झालेला असतो. शेजारच्याला दोन्ही माहीत असते. शेजारी गप्प बसतो, कारण पुढच्या यादीत त्यालाही नाव घालायचे असते.

खिसा कापणाऱ्याला आपण चोर म्हणतो आणि खोटे अनुदान उचलणाऱ्याला हुशार. आंतरजातीय लग्न केले म्हणून एखाद्या घराशी बोलणे टाकणारी भावकी, पूरग्रस्ताचे पैसे लाटले म्हणून कोणाशी बोलणे टाकत नाही. त्या घरात मुलगी द्यायची वेळ आली की उलट चौकशी होते, ‘वरकमाई किती आहे?’ सरकारचा पैसा कोणाच्या बापाचा नाही असे आपण म्हणतो. तो बापाचाच असतो. काडीपेटीपासून युरियापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या, कधीही कुठल्या यादीत नाव न येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बापाचा.

हे आजचे दुखणे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्यांच्या फटक्याखाली सावकाराइतकाच कारकूनही होता. शेतकऱ्याला अक्षर येत नाही, नोंद दुसऱ्याच्या हातात आहे, आणि ज्याच्या हातात नोंद त्याच्या हातात जमीन, हे त्यांनी ओळखले होते. कुलकर्ण्याला लोक कलमकसाई म्हणत ते उगाच नव्हे. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. दप्तर एका घराण्याच्या पेटीत कुलूपबंद राहू नये, हा त्यातला हेतू. आमच्याकडे मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य. पटवाऱ्याचे दप्तर आणि त्याची मर्जी, यांत शेतकऱ्याला फरक करता येत नसे. १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९८१ च्या १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, सातबारा संगणकावर आला, घरबसल्या पंधरा रुपयांत मिळू लागला. दप्तराचे कुलूप उघडले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. नवे कुलूप आठ अक्षरी होते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारायचे मात्र राहून गेले.

नोंदीची किंमत काय असते हे जालना जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी उपोषण सुरू झाले आणि त्यानंतर राज्यभरातल्या अभिलेख कक्षांत मोडी आणि उर्दूतले जुने कागद धुंडाळायला माणसे बसवावी लागली. शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने एका रकान्यात काय लिहिले यावर आज घरेच्या घरे आपले भवितव्य जोखतात. त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो. मला एवढेच दिसते की शंभर वर्षांपूर्वीची नोंद शोधायला जो समाज एवढा कासावीस होतो, तो काल संध्याकाळी आपल्याच गटात कोणी काय नोंदवले हे पाहायला फिरकत नाही.

पाहायची सोय तर झाली होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहायचे, मोबाईलवर गट नंबर निवडायचा, पीक लिहायचे, फोटो काढायचा आणि ती नोंद थेट सातबाऱ्यावर जायची. पूर्वी पिकांच्या नोंदीचा हा ‘नमुना बारा’ तलाठी चावडीत बसून भरत असे. कोणाच्या शेतात काय पेरले आहे ते त्याला स्वप्नात दिसत असावे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीबद्दल स्वतः लिहायचे, हा हक्क आपल्या इतिहासात त्याला पहिल्यांदाच मिळाला. फुले असते तर त्यांनी हा दिवस साजरा केला असता.

आपण काय केले? ‘कटकट आहे’ म्हटले. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पुतण्याच्या हातात फोन दिला. पुतण्याने चार जणांची पाहणी एका बांधावर उभे राहून उरकली. ज्यांना रेंज मिळाली नाही त्यांचा वैताग खराच होता, तो मी नाकारत नाही. शिवारात फोन चालत नाही, ॲप अडकते, गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट जुळत नाही. पण अनेकांनी नोंद केली ती विम्याला सोयीची. शेतात सोयाबीन, नोंद कपाशीची. मग नाफेडला सोयाबीन द्यायची वेळ आली की सातबाऱ्यावर सोयाबीन नाही म्हणून रांगेतून परत. तेव्हा शिव्या सरकारला.

सरकारच्या वाट्याच्या शिव्याही द्यायच्या आहेतच, त्या उधार ठेवणार नाही. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. अर्जांचा आकडा १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेला. शेतकऱ्याचा वाटा एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला कंपनीकडून चाळीस रुपये. जितके अर्ज तितके चाळीस. या हिशेबातून काय निपजेल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही, किराणा दुकानदार पुरे. गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर, परक्याच्या गटावर विमे निघाले. जालन्यासह काही जिल्ह्यांत झाड नसलेल्या रानावर फळपीक विमा निघाल्याचे कृषी खात्याच्या तपासणीत आढळले. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. २०१२ च्या दुष्काळात हीच मोसंबी वाळून गेली, लोकांनी लेकरासारख्या जपलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्याच मोसंबीच्या नावावर कागदी बागा लावायला आपली बोटे थरथरली नाहीत. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. खोट्यांनी कमावले ते कमावले आणि ज्याला विमा खरोखर हवा होता त्याच्या माथी पुन्हा हप्ता बसला.

माझे खरे भांडण मात्र या चोरीहून जुने आहे. खेड्याच्या उन्नतीसाठी माहितीची यंत्रणा असे आपण म्हणतो, तेव्हा ती माहिती कोणत्या दिशेने वाहते? शेतकऱ्याने आधार द्यायचा, खाते द्यायचे, सातबारा द्यायचा, पिकाचा फोटो द्यायचा, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, महाडीबीटीवर अर्ज करायचा. ज्याला जे विचारायचे ते विचारून झाले. त्याने विचारले की अर्जाचे काय झाले, तर पडद्यावर ‘प्रलंबित’. कोणाकडे, कशासाठी, कधीपासून, ते नाही. पलीकडच्या मंडळात पाऊस धरला आणि आपल्या का नाही? उत्तर नाही. यादीतून नाव का गेले? उत्तर नाही. सगळी माहिती चढावर जाते, उताराला थेंब येत नाही.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी कुठल्याही सेवा केंद्रावर तासभर उभे राहा. दाराशी चपलांचा ढीग, आत एक तरुण ऑपरेटर, एक प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र. समोर एक म्हातारी, पदराच्या गाठीत आधार कार्डाची मळलेली झेरॉक्स. ‘आजी, अंगठा पुसा.’ ती पदराला पुसते. ‘दाबून ठेवा.’ ती दाबते. लाल दिवा. ‘दुसरं बोट लावा.’ पुन्हा लाल. जन्मभर कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी तिची बोटे फाटली आहेत, निंदणीने रेषा पुसल्या आहेत. ज्या श्रमाचे पैसे घ्यायला ती आली, त्याच श्रमाने तिची ओळख घासून नेली आहे. ‘एरर येतोय आजी, सोमवारी या.’ ती विचारते, ‘म्या तीच हाये ना रं बाबा?’ रांगेतले लोक हसतात. ऑपरेटर वाईट नाही. त्याच्यामागे चाळीस माणसे आहेत आणि सर्व्हर मध्येच बसतो. सोमवारी ती पुन्हा येते, तिचा आणखी एक दिवसाचा रोज बुडतो. गावातल्या खोट्या लाभार्थ्याचा अंगठा मात्र पहिल्याच फटक्यात उमटलेला असतो. त्याच्या बोटांना कामाची सवय नसते.

ती आजी निदान रांगेत उभी राहू शकते. काही माणसे तर या यंत्रणेच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार, पाचातली चार माणसे खेड्यांत, आणि बायकांत साक्षरतेचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास. पेरणी, निंदणी, वेचणी, काढणी बाईची. सातबारा बाप्याचा. फोन बाप्याचा. ओटीपी बाप्याच्या फोनवर येतो आणि बाप्या तालुक्याला गेलेला असतो. शरद जोशींनी १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून शेतकऱ्यांना साद घातली. काही गावांनी केली. बहुतेकांनी भाषणाला टाळ्या दिल्या आणि जमीन ठेवून घेतली. आज संगणक त्या ठेवून घेतलेल्या जमिनीचाच हिशेब अचूक ठेवतो. नवरा गेल्यावर वारसाचा फेरफार होईपर्यंत विधवा बाई ना शेतकरी, ना लाभार्थी. दीर तेवढ्यात आपली व्यवस्था करून घेतो. एकदा मात्र बाईच्या नावाने पैसे आले, २०२४ मध्ये, लाडकी बहीण म्हणून. तर २०२५ च्या छाननीत त्यातही १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. बहिणीच्या रकान्यात शिरताना ज्यांना मिशीची लाज वाटली नाही, त्यांना कुठला पासवर्ड अडवणार?

बटाईने करणारा, ठोक्याने करणारा, सालगडी, यांचेही तेच. घाम त्यांचा, अनुदान पुण्या-संभाजीनगरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मालकाला. मालक आपल्या गावाला वर्षातून दोनदा येतो, हुरड्याला आणि केवायसीला. बटाई तोंडी असते, कारण लिहून दिली तर कूळ लागेल ही भीती. ही भीती घालवण्याचा कायदा करायला कोणाला वेळ झाला नाही. आणि दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतून जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. ती फडात असतात तेव्हा गावात याद्या लागतात, केवायसीच्या मुदती संपतात, ग्रामसभा होतात. परत आल्यावर त्यांना कळते की आपण अपात्र ठरलो. कशात, ते कळत नाही.

रोजगार हमी महाराष्ट्राने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात फोडलेल्या खडीतून ती जन्माला आली. त्या कामावर २०२३ पासून मोबाईलवर फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. पुढे केंद्र सरकारलाच परिपत्रक काढावे लागले की लोक जुन्या फोटोचा फोटो काढून हजेरी लावतात, ते थांबवा. यावर आणखी काय लिहायचे?

कोणी म्हणेल, म्हणजे संगणक नकोतच काय? तसे म्हणणारा मी नव्हे. कोल्हापूरकडे वारणानगरला १९९८ मध्ये सरकारने सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारली. पुढे त्यांतला बराचसा थाट गळून पडला. टिकला तो ऊस उत्पादकाचा हिशेब. किती ऊस गेला, वजन किती भरले, बिल किती निघाले, हे शेतकऱ्याला आपल्या गावात कळू लागले, आणि नंतर काही गावांत तेच मोबाईलच्या संदेशावर येऊ लागले. तात्यासाहेब कोऱ्यांनी घडवलेला सहकार तिथे आधीच उभा होता आणि सभासदाला कारखान्याला जाब विचारायची सवय होती. संगणकाने त्या प्रश्नाला उत्तर दिले. जिथे प्रश्नच नाही तिथे तो कशाचे उत्तर देणार?

लांब कशाला जायचे? जालना बाजार समितीच्या आवारातच २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली पहिली. त्याआधी आपले शेतकरी कोषाची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. रात्रभराचा प्रवास, भाषा परकी, भाव काय निघेल ते तिथे पोचल्यावर कळणार, आणि कमी निघाला तरी माल परत आणायची सोय नाही, कारण आतला पतंग थांबत नसतो. आता उघड लिलाव डोळ्यांदेखत होतो, काल काय भाव निघाला हे घरी बसून कळते. रामनगरला जायचे की जालन्याला, हे शेतकरी स्वतः ठरवतो. तुतीची लागवड वाढली ती कुठल्या भाषणाने नव्हे. माहिती खाली आली आणि माणसाच्या कामाची निघाली.

आणि कडवंची. जालना तालुक्यातल्या या गावात नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणारे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे त्यामागे होते. तिथली माहिती यंत्रणा म्हणजे माणसांचे पाय. माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार फेरी, कुठे उतार किती, माती किती खोल, पाणी कुठून येते नि कुठे थांबवायचे, हे गावकऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. चर, बांध, मग शेततळी, मग द्राक्षे. २०१२ चा दुष्काळ आला तेव्हा जिल्ह्यात मोसंबी जळत होती आणि कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. प्लास्टिकच्या कागदाची शेततळी भूजल उपसून भरणे कितपत बरोबर, हा वाद तिथेही आहे आणि तो व्हायलाच हवा. पण वाद घालायला लागणारी माहिती त्या गावाकडे आहे. आपल्या गावाकडे काय आहे?

शिकल्या-सवरल्यांना आता थोडे. अंबड, मंठा, परतूर, भोकरदनची किती पोरे आज हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या बँकांच्या खात्यांत कोणी चुकीचे लॉगिन केले तर क्षणात कळावे अशी व्यवस्था बनवतात! ती दिवाळीला गावी येतात, पारावर बसतात, ‘इथं काही होणार नाही’ म्हणतात आणि परत जातात. एका तहसीलदाराच्या लॉगिनमधून मध्यरात्री किती नावे मंजूर झाली, कुठल्या संगणकावरून झाली, एका खात्यात दोनदा पैसे कसे गेले, हे शोधायला जे ज्ञान लागते ते याच पोरांकडे आहे. त्यांच्या वडिलांचे नावही त्याच यादीत असते, कधी खरे, कधी खोटे. खोटे असेल तर ते विचारत नाहीत. शिक्षणाने अंगात आली ती एवढीच हुशारी. मास्तर, वकील, पत्रकार, सगळ्यांचे तेच. घोटाळा उघड झाल्यावर ‘आम्हाला आधीच माहीत होते’ म्हणणारे प्रत्येक गावात निघाले. माहीत होते, तर दोन वर्षे तोंडात काय धरले होते?

अधिकाऱ्यांनीही अंगावरची धूळ झटकून मोकळे होऊ नये. पासवर्ड दुसऱ्याला देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे. ‘कामाचा ताण होता’ हे उत्तर महसूल खात्यात सर्रास ऐकू येते. ताण असतोच. एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात, पंचनाम्याला मुदत दोन-चार दिवसांची मिळते, हेही खरे. तर मग माणसे वाढवा, मुदत वाढवा, तसे लेखी मागा. लॉगिन वाटू नका. ज्याच्या सहीने पैसा सुटतो त्याने निदान शंभरातल्या पाच बांधांवर स्वतः जायला हवे. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी फुगली, शहागडच्या पट्ट्यात रानेच्या राने पाण्याखाली गेली. तेव्हा लोकांनी सरकारवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? मागच्या यादीच्या?

उपाय शोधायला जपानला जायला नको. तो आपल्याच महसूल खात्याच्या जुन्या रिवाजात आहे, चावडी वाचन. सातबारे संगणकावर घेताना सरकारने गावोगाव ते करवलेही होते. गाव जमवायचे, नोंद मोठ्याने वाचायची, ज्याची हरकत त्याने उठून सांगायची. अनुदानाची यादी तशी वाचली गेली असती तर ज्याला जमीन नाही त्याच्या नावापुढे दोन हेक्टर ऐकून बायकाच आधी हसल्या असत्या. अडीच हजार लोकवस्तीच्या गावात कोणाकडे किती रान आहे हे प्रत्येकाला पाठ असते. ती तपासणी कुठलाही संगणक करू शकत नाही, आणि ती फुकट आहे. कायदाही आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करायचा असतो. न मागता राहू द्या, आपण मागूनही पाहत नाही.

आणि ग्रामसभा? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या खेपेला सात माणसांत ठराव मंजूर होऊन वहीवर सह्या घरोघर फिरतात. त्या सह्या तुम्हीच करता. न वाचता करता.

१ मे हा जालना जिल्ह्याचा स्थापना दिवस आहे आणि त्या दिवशी ग्रामसभाही असते. तिला जा. सोबत घरातल्या बाईला न्या. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावात अतिवृष्टी, गारपीट, पीकविमा यांचे पैसे कोणाला, कोणत्या गटावर, किती मिळाले, ती यादी सभेत मोठ्याने वाचावी असा लेखी अर्ज आधीच ग्रामपंचायतीला द्या, त्याची एक प्रत तहसीलला द्या. यादीत तुमच्या घरातले खोटे नाव असेल तर वाचन सुरू होण्याआधी उठून सांगा आणि पैसे चलनाने भरून टाका. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह.